मेलेल्या सुमनची साडी

गेल्या आठवड्यात माझ्यावर घोर अन्याय झाला. रोज संध्याकाळी लागणाऱ्या खुनाच्या मालिकेत त्या लोकांनी सुमनला मारून टाकलं... मला एका शब्दाने न विचारता!

तुम्ही म्हणाल, तुमचं काय गेलं? अहो, मी सुरतेत, डिंडोलीत घरून साड्या विकते. मालिकेतल्या बाईने नेसलेली साडी इथे आठवड्याच्या आत कापड मार्केटात गठ्ठ्याने येते, आणि नावही त्याच बाईचं घेऊन येते. 'सुमन' म्हणजे मोरपंखी रंग, पिवळे काठ. मी ढीगभर आणून ठेवल्या होत्या.

ही सुमन काही नायिका नव्हे. बंगल्यात भांडी घासणारी, मालकाने केलेला खून डोळ्यांनी पाहिलेली बाई. इन्स्पेक्टर साहेब महिनोन् महिने गॉगल घालून फिरले, पण कोर्टात उभी राहून खरं बोलली ती सुमन. बाहेर येऊन रस्ता ओलांडत होती... ट्रकने उडवलं.

दुसऱ्या दिवसापासून साड्या परत. "मेलेल्या बाईची साडी सासूबाई घरात घेऊ देत नाहीत हो!" जसं काही पोस्टमॉर्टेम साडीचंच झालं होतं.

अशात भरदुपारी रंजना आली. (नाव बदललंय. तिला विचारूनच लिहितेय.) दोन गल्ल्या पलीकडे राहते, मूळची धुळ्याकडची. पलसाण्याच्या बाजूला एका डाइंग मिलमध्ये घडी-पॅकिंगला जाते, नवराही तिथेच.

"ताई, सुमननी साडी शे का?"

"अगं, सुमन मेली," मी म्हटलं. धंद्यात एवढा प्रामाणिकपणा मी एरवी करत नाही.

"माले माहीत शे. तीच पाहिजे."

इथे माझे कान टवकारले. तिने पदर उलगडला, दाराबाहेर उन्हात धरला. "दूरथीन दिसी ना?" मग निऱ्या करून बघितल्या... "चालताना पायमा अडकस का?" आणि जाता जाता, अगदी हळू... "मंगळवारले फॉल लाईसन ठेवा. मन्हा घरवालाले सांगू नका."

इतकी वर्षं गुन्ह्यांच्या मालिका मी उगाच बघितलेल्या नाहीत. साडी लांबून दिसायला हवी, म्हणजे कुणीतरी लांब उभं असणार. पाय अडकायला नको, म्हणजे घाई. नवऱ्याला सांगायचं नाही... केस संपली. बाई पळून जाणार!

फॉल लावताना मला जुना पुरावाही सापडला. थंडीत मी तापाने पडले होते, तेव्हा ही न सांगता भरीत-भाकरीचा डबा घेऊन आली होती. फुकट भरीत कोण देतं? उद्या साडी उधार मागेल, असं मी तेव्हाच ताडलं होतं. मागितली कधीच नाही. तिचं नाव कोरलेला डबा मात्र अजून माझ्या फळीवर...

मंगळवारी सकाळी साडी नेसायलाही ती माझ्याकडेच आली. ती रिक्षात बसली तशी मी नवऱ्याला "मेथी आणते" सांगून दुसरी रिक्षा पकडली. "भैया, उस रिक्षा के पीछे." रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "आपके मिस्टर हैं उसमें?" म्हणजे संशय त्यालाही होताच, फक्त माझ्या नवऱ्यावर.

रंजना स्टेशनला उतरली नाही, लॉजपाशीही नाही. कामगारांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका सरकारी कचेरीसमोर उतरली. मी खांबामागे लपले... खांब बारीक होता, मी नाही. तिने मला पाहिलंच.

चिडली नाही. उलट हात धरून सांगितलं. मिलमध्ये वाफेचा पाइप फुटून तिच्या शेजारी काम करणारी पोरगी भाजली होती. पाइप गळतोय हे सगळ्या बायका आधीपासून सांगत होत्या, पण आता 'पोरगीच नको तिथे गेली' असं बोलायचं, असा वरून निरोप होता. आज चौकशी.

समोर, रस्त्यापलीकडे, तोंडाला ओढण्या गुंडाळून मिलमधल्याच चार-पाच बायका उभ्या होत्या. रंजना पायऱ्या चढून आत जाताना दिसली तरच त्या येणार, असं ठरलं होतं. म्हणून साडी लांबून दिसायला हवी... आणि पायऱ्यांवर अडकायला नको.

"अगं पण ती सुमन मेली ना शेवटी!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मरनी ताई," ती म्हणाली. "पन बोलीसन मरनी."

पदर खोचून ती निघाली. गेटवर एक इस्त्रीच्या शर्टातला माणूस मोबाइल उंच धरून कोण आत जातंय ते टिपत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा संशय योग्य माणसावर गेला.

ती पायऱ्या चढून आत दिसेनाशी झाली. पलीकडच्या बायका जागच्या हलेनात... मग एकीने तोंडावरची ओढणी सोडली आणि रस्त्यात पाऊल टाकलं. समोरून ट्रक येत होता. तिने नुसता हात दाखवला... आणि ट्रक थांबला. तिच्यामागून दुसरी निघाली, मग तिसरी.

निकाल काय लागेल, देव जाणे. सध्या रंजनाला आणि तिच्या नवऱ्याला 'कामावर येऊ नका' असा निरोप आलाय. नवरा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाला, "मालेबी बलावतीन का?" साक्षीला. सांगताना ती हसत होती... मला काही हसू येईना.

डबा रिकामा परत करू नये म्हणतात. काल त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले, तिच्या उंबऱ्यावर ठेवला, कडी वाजवली आणि दार उघडायच्या आत वळले.

समोरच्या बाईने खिडकीतून पाहिलं. तिला आता माझा संशय येतोय... येऊ दे.