टाकीच्या झाकणावरचं कुंकू

तुमच्या शिडाच्या बोटीचं इंजिन दर वेळी अर्ध्या तासाने बंद पडतं, आणि बोटीवरच घर असल्याने त्याच्यापासून दूरही जाता येत नाही, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. बोटीतलं मला काही कळत नाही. मी बालाघाटला जन्मभर इंग्रजी शिकवलं. शिडाची बोट फक्त चित्रात पाहिली. पण अशाच एका डिझेल इंजिनाशेजारी तुमचे आजोबा आणि मी चार दिवस राहिलो होतो, ते लिहून ठेवते.

आपलं शेत किरनापूरच्या पुढे, नदीकाठी. त्या टोकाला विजेची लाइन नाही, म्हणून पाणी डिझेल इंजिनाने ओढायचं. त्या वर्षी पाऊस दसऱ्याआधीच थांबला. धान निसवलं होतं, दाणा दुधात होता. एक पाणी मिळालं तर पीक, नाही तर नुसता पेंढा. आजोबांनी इंजिनाच्या टपरीत खाट टाकली. मी स्टोव्ह आणि वही घेऊन गेले.

हँडल मारताच इंजिन सुरू होई, वीसेक मिनिटं चाले आणि धापा टाकून थांबे. आजोबा टाकीचं झाकण उघडून बघत. डिझेल भरपूर. झाकण लावून पुन्हा हँडल मारलं की पुन्हा वीस मिनिटं. शेताच्या सहा बांध्या आहेत, म्हणजे बांध घातलेले सहा तुकडे. पाणी दुसऱ्या बांधीच्या तोंडाशी पोचायचं आणि इंजिन थांबलं की तिथेच जिरायचं.

किरनापूरहून मिस्त्री आला. त्याने फिल्टर बदलला, डिझेल फवारणारा नोजल उघडून धुतला, मग आजोबांकडे वळला.

"काकाजी, डिझेल कुठून आणता? पानी तं नाई मिळवत कोणी?"

"मीच आणतो. माह्यावर शंका घेऊन राह्यला का?"

"तसं नाई जी. पन इंजिन बिलकुल ठीक आहे."

"ठीक आहे तं बंद काहून पडते?"

"तुमच्यासारखंच रिटायर झालं वाटते."

आजोबा हसले नाहीत.

मला सवय म्हणून मी वहीत वेळा लिहीत होते. एकोणीस मिनिटं, बावीस, वीस. तिसऱ्या दिवशी दुपारी इंजिन थांबलं तेव्हा मिस्त्री वैतागून म्हणाला, "आता झाकन उघडू नका, कचरा जाते आत." त्याने खांदे भरून येईपर्यंत हँडल मारलं. इंजिन सुरू झालं नाही. शेवटी आजोबांनी झाकण उघडलंच. सूं करून हवा आत गेली आणि पहिल्या हँडलला इंजिन लागलं.

वहीत हे नव्हतं. प्रत्येक वेळी झाकण उघडलं होतं, ते मी लिहिलंच नव्हतं.

मी म्हटलं, "तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येत नाही. दुसरं हवेसाठी लागतं."

"हौ मॅडम, झाकनाले असते ना बारीक भोक," मिस्त्री म्हणाला आणि झाकण हातात घेऊन फिरवू लागला. भोक दिसेना. तिथे हळदकुंकवाचा जाड टिळा वाळून दगड झाला होता, त्यात तांदळाचा एक दाणा. दसऱ्याला औजारांची पूजा करताना इंजिनाची मी केली होती. सगळं इंजिन तेलकट, कुंकू धरेल अशी स्वच्छ जागा झाकणावरच होती.

"तो टिळा माझा आहे," मी म्हटलं.

मिस्त्रीने टिळा नखाने खरवडून पाहिला.

"मी इकडे नोजल खोलून राह्यलो," मिस्त्री म्हणाला, "आन् देव झाकनावर बसला होता."

"तीन दिवस माह्या डिझेलले नावं ठेवली तुवं," आजोबा म्हणाले.

बांगडीतली सेफ्टी पिन काढून मी भोक मोकळं केलं. इंजिन दिवस मावळेपर्यंत चाललं. दुसऱ्या दिवशी पाणी पाचव्या बांधीपर्यंत पोचलं. सहावी सगळ्यात लांब आणि थोडी उंचावर; तिथे ते पोचलं तोवर दाणा सुकून गेला होता. कापणीच्या वेळी पाच बांध्यांतल्या लोंब्या वजनाने वाकल्या होत्या. सहावीतल्या ताठ उभ्या होत्या.

आता दसऱ्याला मी टिळा इंजिनाच्या चाकावर लावते. तुमच्या टाकीला हवेची वाट झाकणात आहे की वेगळ्या नळीने, मला माहीत नाही. नोजल उघडण्याआधी ती बघा.