साडभाऊंचा बोनस

सरकारचे पैसे खात्यात आले म्हणून चिडणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. कामठ्याला त्यांची चार एकर धानाची शेती. मी घरच्या गॅस सिलिंडरवर तारीख लिहून ठेवणारा माणूस, पण त्यांच्यापुढे मीसुद्धा उधळ्या ठरतो. भाजीवालीने मूठभर मिरच्या वरून टाकल्या तर ते त्या परत तिच्या टोपलीत ठेवतात. मुलीच्या लग्नात आहेराचं एक पाकीट बिननावाचं निघालं, तर ते घेऊन गावभर फिरले, “हे कोनाचं आहे जी?” चौघांनी ते आपलंच म्हणून सांगितलं. साडभाऊंनी चौघांनाही आतली रक्कम विचारली. चौघेही चुकले. पाकीट अजून त्यांच्या देवघरात आहे.

गुडघे गेल्यापासून त्यांची शेती शेजारची एक विधवा बाई ठेक्याने करते. नांगरणीपासून चुरणीपर्यंत सगळं तिचं, खर्चही तिचा. सातबारा मात्र साडभाऊंचा, म्हणून सरकारचा धानाचा बोनसही त्यांच्याच खात्यात. पहिल्याच वर्षी ते पासबुक घेऊन धान खरेदी केंद्रावर गेले.

“मी बांधीत पाय नाही टाकला, अन् मले बोनस काऊन?”

तिथला बाबू हसला. “काका, काढा अन् देऊन टाका तिले. झंझट खतम.”

“मी देईन तर ते माझं देनं झालं. यादीत तिचं नाव पायजे.”

पैसे ते दरवर्षी तिला देतच होते. पण ती ते खाली मान घालून घ्यायची आणि “भाऊजी, तुमचे उपकार,” म्हणायची. तो शब्द ऐकला की साडभाऊंना त्या दिवशी जेवण जायचं नाही. मग दर हंगामात डबा घेऊन ते केंद्रावर जाऊन बसत. बाबू बदलले, साडभाऊ हटले नाहीत. शेवटी एका नव्या बाबूने कागदपत्रं पाहून सांगितलं, ठेक्याचा करार रजिस्टर केला तर तिचं नाव लागेल.

नागपूरचा मुलगा धावत आला. “बाबा, कागद केला तर उद्या वावर तिचंच होईल!”

“आता कोन करून राहिलं? तू?”

मुलगा रागाने निघून गेला, दिवाळीलाही आला नाही. करार रजिस्टर होण्याआधी मीही साडभाऊंना समजावलं होतं. मुद्रांकाचा खर्च, हेलपाटे, घरातली फूट, सगळी बेरीज मांडून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. “बेरीज बरोबर आहे तुमची, साडभाऊ. आता चाला, साक्षीदाराची सही करा.” मी केली.

यंदा बोनसच्या नोंदणीला आम्ही तिघं केंद्रावर गेलो. बाबूने पुकारलं, “शेवंताबाई!” कोणीच उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. आमच्या शेजारी बसलेली ती बाईही कोण उठतं ते पाहत होती. गावात तिला सगळे संजूची माय म्हणतात. मी तिला खुणावणार, तर साडभाऊंनी माझा हात धरला. तिसऱ्या हाकेला ती दचकली. “अगा बाई, मीच आहे ना जी!” म्हणत पदर सावरून उठली.

परतताना ऑटोत ती साडभाऊंशी खतावरून चांगलीच भांडली. “तुमाले काई समजत नाही, भाऊजी!” उपकाराचं नाव नाही. साडभाऊ खुशीत ऐकत होते. ती वाटेत खताच्या दुकानापाशी उतरून गेल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, “पोराले तुमच्या फोनवरून लावून पाहता का? माझा उचलत नाही तो.”

मी लावला. आम्ही दोघं ती रिंग ऐकत बसलो.