आखाजीचा जोडा

सुमनचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात छापखान्यात प्रूफ वाचत उभी होते. "नाना गेला, ताई. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक..." एवढंच बोलली. मागे छपाईचं यंत्र चालूच होतं. महिना उलटला, तरी तो आवाज सुरू झाला की मी प्रूफं घेऊन बाहेर जाते.

नाना म्हणजे भडगावजवळच्या आमच्या शेतावरचा सालदार, वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी. सुमन त्याची मुलगी, लग्न होऊन धुळ्यात आलेली. शेत माझे काका पाहतात, त्यांना सगळे आबा म्हणतात. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल संपतं. त्या दिवशी आबा नवा जोडा नानापुढे ठेवायचे आणि त्याने तो पायात घातला की पुढचं साल ठरलं. बोलणं नाही, कागद नाही. माझ्या जन्माआधीपासून हे चालत आलेलं. "नाना घरचाच माणूस," असं आम्ही सगळे म्हणायचो. हा घरचा माणूस खळ्यात बैलांशेजारी झोपायचा, त्याची ताटली गोठ्याच्या वळचणीला खोचलेली असायची... आणि ते मीही रोज पाहत होते.

माझ्या घरी वडिलांच्या पिशवीतून चळवळीची पत्रकं यायची, त्यांवरच मी वाढले. गुलाम हा शब्द फार लवकर शिकले आणि फार स्वस्तात वापरला. रूढींचे गुलाम, बाजाराचे गुलाम, मोबाईलचे गुलाम. एका नानाला सोडून सगळ्यांना तो लावून झाला होता. गेल्या हिवाळ्यात एकदा त्यालाच विचारलं, "गुलाम म्हणजे काय, नाना?"

"गुलाम? तो तं पत्तासमा राहस, बाई!" पत्त्यांतला गुलाम आठवून तो खळखळून हसला. मग बराच वेळ विळ्याला धार लावत बसला... आणि हळूच म्हणाला, "औंदा जोडा घालाव नई मी. सुमनकडे जासू. आबाले सांगू नको."

आबांना मी सांगितलं नाही. पण पत्रक लिहिलं, छापून तालुक्यात वाटलं. नाव, गाव, गोठ्यातली ताटली, सगळं त्यात घातलं, नानाला न विचारता. वाटलं, त्याची बाजू भक्कम करते आहे.

आखाजीला पडवीत सतरंजीवर पत्त्यांचा डाव रंगला होता. दहा-बारा जण होते. नवा जोडा उंबऱ्याजवळ मांडलेला. आबांनी खिशातून माझं पत्रक काढून उलगडलं. "का रे नाना, तू गुलाम शे का? आमनी पोर लिखस!" कुणीतरी हातातला गुलाम सतरंजीवर आपटला. "हाऊ दखा, नाना उना!" नाना आला म्हणून सगळे हसले.

नानाने माझ्याकडे एकदाच पाहिलं. चारचौघांत हो कोण म्हणेल? आणि जोडा न घालता उठला असता, तर पत्रकातलं खरं ठरलं असतं. "नई आबा. मी तं घरनाच मानूस," म्हणाला आणि जोड्यात पाय घातले.

पुढे पावसाने ओढ दिली, कापसाला विहिरीचं पाणी सुरू झालं. मोटारीच्या पेटीतली वायर उघडी पडली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाना विहिरीपाशी कधी पायात काही घालून जात नसे. पाण्याजवळ अनवाणीच जायचं, असा त्याचा नेम. त्या दिवशीही जोडा बांधावर नीट काढून ठेवलेला सापडला.

"ताई, तेवढा जोडा आणशील? दुसरं त्याचं काहीच नाही," सुमन म्हणाली. म्हणून परवा आबांकडे गेले. पडवीत खिळ्याला जोडा टांगलेला होता, पुसून, तेल लावून. आबांनी चहा मागवला. मी कुठे बघते आहे, ते त्यांनी पाहिलं. "चांगला शे अजून," म्हणाले. "नवा गडी येई, त्याले व्हई."

काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलं होतं. मी बशीत चहा ओतला.

"बरं, आबा," म्हणाले.

सुमनला अजून फोन केलेला नाही. जोडा तिथेच आहे. त्याच्या खाली आखाजीला पसरायची ती सतरंजी गुंडाळून ठेवली आहे.