तानूमावशीला समजलं तरच भाकरी

बिराप्पा गेला.

काल दुपारी, जतला, स्वतःच्या घरात. नातवाचा फोन आला तेव्हा मी आधी चिडलोच. एवढी वर्षं थांबला होतास, दिवाळीपर्यंत थांबला असतास तर काय बिघडलं असतं? येतो म्हणाला होतास की.

(टाईप नात करतेय. "आजोबा, शिव्या गाळू का?" विचारत होती. गाळ म्हटलं.)

आम्ही दोघं एका कॉलेजात होतो. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठाला. आता तिथं काही नाही, ऊस आहे.

कॉलेज म्हणजे काय? कौलारू खोल्यांच्या दोन रांगा, पुस्तकांची तीन कपाटं आणि एक भटारखाना. साठ पोरं, आठ मास्तर, सगळे तिथंच राहायचे.

इंग्रजी, मराठी, संस्कृत, इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र. प्रत्येकानं सगळंच शिकायचं. आणि आपलं ताट आपण घासायचं, प्रिन्सिपल सरांनीसुद्धा.

माझ्या वडलांनी सरांना सरळच विचारलं, "आवं, पण ह्यातनं पोरगं व्हणार कोण?"

सर म्हणाले, "ते त्याचं त्याला ठरवू द्या की."

वडील फौजेतले. असलं उत्तर त्यांना जन्मात कुणी दिलं नव्हतं. पण का कोण जाणे, पटलं.

बिराप्पाला तिथं मीच ओढून नेलं. सुगी झाली की त्यांची मेंढरं पलूसला आमच्या रानात बसायला यायची, खतासाठी. लहानपणापासूनची आमची दोस्ती. त्याच्या घरात कन्नड. इंग्रजी माझ्यापेक्षा बरं लिहायचा, पण चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की गड्याची दातखीळ बसायची.

आणि कॉलेजात नेमकी एक रीत होती.

संध्याकाळी पंगत बसली की रोज एकानं उभं राहायचं. आज वर्गात काय शिकलो ते तानूमावशीला सांगायचं.

तानूमावशी म्हणजे आमची स्वयंपाकीण. अक्षरओळख नाही. तिला समजलं की सांगणाऱ्याच्या ताटात पहिली भाकरी पडायची, मग बाकीच्यांना. नाही समजलं तर टोपलं झाकलेलंच. सरसुद्धा रिकाम्या ताटासमोर गप बसून.

"मास्तरला सांगण्यात काय हाय रं? त्याला ठावंच असतंय," मावशी म्हणायची.

बिराप्पाची पाळी आली. विषय तर्कशास्त्र.

उभा राहिला, आणि राहिलाच. तोंडातनं शब्द फुटेना. दहा मिनिटं झाली. साठ पोरांच्या पोटात कावळे.

सगळ्यांत आधी कोण ओरडलं असेल?

मी. त्याचा दोस्त.

"भाकरी गार झाल्या तुझ्यापायी! मेंढरंच राखायची हुतीस की रं!"

अख्खी पंगत हसली. तो न जेवताच खोलीत गेला. सकाळी बघतो तर ट्रंक नाही.

सर मला एवढंच म्हणाले, "तू घालवलास. तूच आण."

कुठं गेला असेल ते मला ठाऊक होतं. आमच्याच रानात, त्याच्या वडलांची मेंढरं तिथंच होती. पायी गेलो.

बांधावर पोचलो तर हा पठ्ठ्या वडलांना आणि चुलत्यांना हातवारे करून कन्नडात काहीतरी सांगतोय. दरसाल त्यांच्यात वावरल्यानं मला थोडंफार कळायचं. कान दिला.

कालचंच तर्कशास्त्र होतं! पुढचं मेंढरू खड्ड्यात पडलं म्हणून मागची पडतात. पण पुढचं पडलं, हे काही मागच्यांनी पडायचं कारण नव्हे. शेवटी विचारलं, "तिळीतेनु?" समजलं का?

वडील मान डोलवत खदखदून हसले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चल रं," म्हणालो.

माझ्याकडं न बघता म्हणाला, "नगं. तुमच्या भाकरी गार हुत्यात."

मी खाली बसलो. त्याच्या आईनं सकाळची भाकरी आणि लसणाची चटणी पुढं ठेवली. खाल्ली.

"गारच लय ग्वाड लागती," म्हणालो. माफी मागायची अक्कल नव्हती, एवढंच सुचलं.

तसा बिराप्पा म्हणाला, "मी कन्नडातच सांगणार. मराठी तू करायचं."

त्या संध्याकाळी पंगतीसमोर दोघं उभे राहिलो. खड्ड्यापर्यंत जमलं. पुढं मी अडखळलो, भलतंच काही सांगायला लागलो. तसा हा वैतागला. "आरं, तसं न्हवं रं!" आणि स्वतःच मराठीत सुटला. मोडकंतोडकं, पण थांबतोय कुठं!

मावशीनं टोपलं उघडलं. पहिली भाकरी त्याच्या ताटात.

मी पण बसायला निघालो.

"तू कुटं? तुला काय समजलं त्ये सांग की."

टोपलं परत झाकलं होतं. सगळे माझ्याकडं बघत होते.

म्हणालो, "काल पुढचं मेंढरू मी हुतो, मावशी. बाकीची माझ्या मागनं हसली. माझं चुकलं."

"हां," मावशी म्हणाली. "ह्ये समजलं."

पुढं बिराप्पानं जतला आयुष्यभर पोरं शिकवली, तीही मराठीत. मी ऊस केला. दर रविवारी फोन. राजकारणावर भांडायचा, माझं काही ऐकून घ्यायचा नाही, आणि ठेवताना विचारायचा, "तिळीतेनु?"

आज सूनबाईनं ताट वाढलं. बराच वेळ हात लावला नाही. तिला वाटलं, घास उतरत नाही. तसं नव्हतं. भाकरी गार होऊ दिली, मग खाल्ली.

बिराप्पा, एक सांगायचं राहिलं बघ. त्या दिवशी चुकलो म्हणालो ते मावशीला. तुला म्हणालोच नाही. तूही कधी विचारलं नाहीस, आणि मला वाटत राहिलं की रविवार आहेतच.

चुकलो गड्या.

जा आता सुखानं. तुझ्या दोस्ताचा शेवटचा रामराम.