पूर्वेचं दार

चपला काढून हातात घ्यायच्या, धोतर गुडघ्याच्या वर खोचायचं आणि टाचेला चवडा जुळवत भिंतीच्या कडेनं चालत जायचं. तोंडानं आकडे मोजणं चालूच. शेवटी थांबून मान एकदा हलवायची आणि म्हणायचं, “सरी.” म्हणजे कानडीत ‘ठीक’. आमच्या कॉलेजातलं कुठलंही मोजमाप असंच व्हायचं. पोलादी टेप ऑफिसच्या कपाटात होता, पण आणल्या दिवसापासून तो तेलकट कागदात गुंडाळलेलाच राहिला. मी एकदा तो काढून मेस्त्रीअण्णांपुढं धरला, तर म्हणाले, “टेपावरनं कोण चालणार आहे? चालणार ते पायांनीच ना?”

तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल. कागदावर त्याचा हुद्दा शेवटून दुसरा असतो, आणि तो चार दिवस आजारी पडला की कुणाला काहीच सापडत नाही. आमच्याकडे ते मेस्त्रीअण्णा होते. इमारतीची देखभाल हे त्यांचं काम. कुठलं दार पावसाळ्यात फुगतं, कुठल्या वर्गातला बाक डुगडुगतो, हे त्यांना पाठ होतं.

बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला त्यानंतर दोनेक वर्षांनी मी निपाणीहून बंगळूरला आलो आणि या कॉलेजात कारकून झालो. पहिल्याच दिवशी अण्णांनी माझं गाव विचारलं आणि तेच माझं नाव करून टाकलं. “ए निपाणी, जेवलास का?” त्यांचं घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेलं. त्यांचं बोलणं ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि मधे कुठंही “स्वल्प”. एकदा माझं हसू त्यांनी पकडलं. म्हणाले, “तुझी मराठी नवी आहे बाबा, टोचते. आमची इथं राहून स्वल्प मऊ झाली.”

त्या काळी प्रवेशाच्या अर्जासोबत डॉक्टरचा दाखला लागायचा. विज्ञान शाखेसाठी त्यात एक ओळ असे : उमेदवार जिने चढू शकतो आणि प्रयोगशाळेत उभा राहू शकतो. ज्यांना हे जमत नसे त्यांचे अर्ज परत जात. तो नियमच होता, त्यामुळे कुणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, हे कबूल करतो.

मग एका वर्षी विद्यापीठाकडून पत्र आलं. नुसत्या शारीरिक व्यंगामुळे अर्ज नाकारू नये, मात्र कॉलेजात तशी व्यवस्था आहे किंवा नाही ते कळवावं. नसेल तर उमेदवाराला दुसरीकडे जाण्यास सांगावं. प्रिन्सिपलसाहेबांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि मला सांगितलं, “व्यवस्था नाही, असं लिहा.” ते काही दुष्ट नव्हते. व्यवस्था खरोखरच नव्हती. मुख्य दाराला घडीव दगडाच्या अकरा पायऱ्या होत्या, त्यांचा साहेबांना मोठा अभिमान. दर वर्षीचा फोटो तिथंच निघायचा.

मी उत्तर टाइप करत होतो तेवढ्यात शिपाई सांगत आला की खाली एक मुलगी आलीय, तिला वर येता येत नाही.

मी खाली गेलो. जयनगराहून जटक्यातून, म्हणजे तिकडच्या टांग्यातून, बापलेक आले होते. मुलगी सतरा-अठरा वर्षांची. पोलिओमुळे एका पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट, दोन्ही काखांत कुबड्या. वडील पायऱ्यांकडे बघत उभे होते, मुलगी मात्र माझ्याकडे बघत होती. तिनं अर्ज दिला. गुण असे होते की आमच्या कॉलेजात त्या वर्षी तेवढे दुसऱ्या कुणालाच नव्हते. विषय : रसायनशास्त्र. मी अर्ज घेतला, “कळवतो” म्हणालो आणि वर आलो. माझ्या पाठोपाठ अण्णा ऑफिसात शिरले.

“काय लिहिलंस?”

“व्यवस्था नाही.”

“टपालात टाकलंस?”

“उद्या टाकणार.”

“उद्या नको. कागद स्वल्प थांबू दे.”

ते थेट साहेबांच्या खोलीत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही, पण बाहेर आले तेव्हा कानाच्या पाळ्या लाल होत्या. कॉलेज उघडायला सोळा दिवस होते. तोवर पूर्वेच्या बाजूला काय करायचं ते करा, समोरच्या पायऱ्यांना हात लावायचा नाही, एवढी परवानगी मिळाली होती. पूर्वेचं दार लहान, पण रसायनाच्या प्रयोगशाळेला लागून होतं. जमिनीपासून दोन हात उंच.

दुसऱ्या दिवशी ते ओळखीच्या इस्पितळातून चाकांची खुर्ची घेऊन आले आणि स्वतःच तिच्यात बसले. मला म्हणाले, “ढकल.” मी त्यांना सगळ्या आवारात फिरवलं. जिथं अडलं तिथं ते खडूनं फुली मारायचे. गटाराच्या फरशीवर फुली, उंबऱ्यावर फुली, झाडाच्या मुळावर फुली. संध्याकाळपर्यंत कॉलेज देवी आल्यासारखं दिसायला लागलं. मी इतकी वर्षं त्याच वाटेनं चालत होतो, मला त्यातलं काही दिसलं नव्हतं.

मातीचा कच्चा उतार घालून त्यांनी आधी परीक्षा घेतली. मी वर नेताना घामाघूम झालो आणि उतरताना खुर्ची माझ्या हातून सुटली. अण्णा खुर्चीसकट मेंदीच्या कुंपणात. मी धावत गेलो तर आडवे पडूनच म्हणाले, “चढ दमवतो, निपाणी, पण पाडतो तो उतार.” मग ते दुपारभर रेल्वेच्या मालधक्क्यावर जाऊन बसले. कुठल्या उतारावर हमाल हातगाडी न थांबता चढवतो ते बघितलं आणि चपला हातात घेऊन तो मोजून आले. एक हात उंचीला बारा हात लांबी. होसकोट्याकडचे दोन दगडफोडे बोलावले आणि आठ दिवसांत चोवीस हातांचा उतार बांधला. वर सिमेंट असं घोटलं की आरशासारखं.

मुलीला बोलावणं धाडलं. अण्णा नवं धोतर नेसून आले होते.

ती उताराच्या पायथ्याशी उभी राहिली. एक कुबडी पुढं टाकली, ती सरकली. दुसरी टाकली, तीही सरकली. वडिलांनी धरलं म्हणून पडली नाही. तिनं कुबड्या सावरल्या आणि अण्णांना म्हणाली, (बोलणं कानडीत झालं, मी मराठीत सांगतो,) “अण्णा, खुर्चीवाल्यांसाठी हे फार चांगलं आहे. पण मी खुर्चीत बसत नाही. मला उतारावर पाय टेकवता येत नाही. मला पायऱ्याच बऱ्या.”

अण्णांनी सिमेंटकडे बघितलं, मग तिच्या बुटाकडे. “सरी, अक्का,” एवढंच म्हणाले. लहान असो मोठी असो, बाईमाणसाला ते अक्काच म्हणत. त्या दुपारी त्यांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “सगळ्या फरशांना विचारलं मी. त्या पोरीला विचारायचंच राहिलं बघ. चल.”

आम्ही जयनगरला तिच्या घरी गेलो. अण्णा दाराबाहेर उभे राहूनच म्हणाले, “अक्का, माझं चुकलं. तुला काय पाहिजे ते तू सांग.” तिनं सांगितलं नाही, दाखवलं. घरच्या पायऱ्या ती कशी चढते ते तीनदा चढून दाखवलं. पायरी चार बोटं उंच असली तर जमतं, वीतभर असली की नाही. कठडा डाव्या हाताला हवा, कारण उजवा हात कुबडीला लागतो. प्रयोगशाळेत उंच स्टूल मिळालं तर तासभर काम करता येईल. शेवटी ती आईच्या कानात काही बोलली. आईनं चाचरत सांगितलं, की मुलींच्या संडासाकडे जाताना मधे गटार आहे म्हणतात, दिवसभर तिनं काय करायचं? अण्णा जमिनीकडे बघत म्हणाले, “ते पहिल्यांदा करतो.”

आणि केलंही पहिल्यांदाच. पण उतारालगतच्या पायऱ्यांसाठी दगड उरला नव्हता आणि दिवस चारच होते. पाचव्या दिवशी सकाळी साहेब आले तेव्हा त्यांच्या गुलाबाच्या बागेभोवतीची घडीव दगडांची कड नाहीशी झाली होती. ते दगड पूर्वेच्या दाराशी बारा रुंद, बुटक्या पायऱ्या होऊन बसले होते. डाव्या हाताला लोखंडी नळाचा कठडा.

साहेबांनी आम्हा दोघांनाही आत बोलावलं.

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही, साहेब,” अण्णा म्हणाले. “विचारलं असतं तर तुम्ही नको म्हटला असता. मग तुमचा हुकूम मोडल्याचं पाप लागलं असतं.”

“ही नोकरी जाऊ शकते, कळतंय का?”

“कळतंय. बागेची कड पुढच्या वर्षी होईल, साहेब. पोरीचं वर्ष गेलं तर ते कुठनं आणायचं?”

साहेब उठले. आम्हाला तिथंच ठेवून पूर्वेच्या दाराकडे गेले. खिडकीतून आम्हाला दिसत होतं : कुणी बघत नाही असं वाटून ते एक पाय ताठ ठेवून कठडा धरून त्या पायऱ्या चढले, उतरले, पुन्हा चढले. परत आले आणि मला दोन पत्रं सांगितली. पहिलं मेस्त्रींना लेखी ताकीद. दुसरं विद्यापीठाला : व्यवस्था आहे. मी दोन्ही एकाच बैठकीत टाइप केली. अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. ताकीद हातात घेऊन त्यांनी विचारलं, “माझं नाव बरोबर लिहिलंय का?” मी हो म्हटलं. त्यांनी तिची घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

ती मुलगी चार वर्षं त्या पायऱ्या चढली आणि पुढे आमच्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागली. उतारही वाया गेला नाही. गणिताच्या म्हाताऱ्या प्रोफेसरांना अर्धांगवायू झाला, तेव्हा ते खुर्चीतून त्याच वाटेनं वर्गात जायचे. घोटलेलं सिमेंट अण्णांनी स्वतः छिन्नी घेऊन खरबरीत करून टाकलं होतं. विद्यापीठाची पत्रं नंतरही येत राहिली, कधी एक अट वाढे, कधी दुसरी निघे. अण्णा मला ती वाचून दाखवायला लावायचे, ऐकून घ्यायचे आणि मग ज्याच्यासाठी पत्र असेल त्याला शोधायला निघायचे. एका आंधळ्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून, स्वतः डोळे मिटून, ते अख्खा व्हरांडा चाललेले मी पाहिले आहेत. वाटेत दोनदा खांबाला आपटले, पण डोळे उघडले नाहीत.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांतच अण्णा गेले. बातमी आम्हाला उशिरा कळली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी आणि ती, आता सगळ्यांची मॅडम झालेली, पेठेतल्या त्यांच्या घरी भेटायला गेलो. मी तिथं पहिल्यांदाच जात होतो. अरुंद बोळ, उंच जोत्याचं घर आणि दाराशी तीन दगडी पायऱ्या, एकेक गुडघ्याएवढी. कठडा नाही.

ती खाली थांबली. आतून दोन पुतणे धावत आले. “उचलून घेऊ का, मॅडम?”

“नको,” ती म्हणाली. “मी इथंच उभी राहते.”

तेवढ्यात आतून अण्णांची बायको आली. थकलेली, बारीक. तिनं दाराची चौकट धरली, मग भिंत धरली आणि एकेक पायरी बसत बसत उतरत खाली आली. शेवटच्या पायरीवर टेकली आणि शेजारची जागा पदरानं पुसली.

“बस, अक्का. हे साऱ्यांचं करीत हिंडले. घरचं करतो, करतो म्हणत राहून गेलं बघ.”

तिनं बुटाची कडी सोडली, कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि बसली. म्हातारीनं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. सुनेनं आतून चटई आणून बोळातच अंथरली. मग पुतणे उतरले, भेटायला आलेली माणसं उतरली, शेजारणी आपापल्या दारातून येऊन बसल्या. एक जटकेवाला बोळाच्या तोंडाशी आला, बघितलं आणि घोडा मागं वळवून घेऊन गेला.

वर दार सताड उघडं होतं, आणि घरात कुणीच नव्हतं.