गुंडाप्पाचे धुतलेले हात

माकणीकरांचं एकमत कशावरच होत नाही. धरणाच्या पाण्यावर नाही, आणि शेजाऱ्याच्या सुनेवर तर नाहीच. एका गोष्टीवर मात्र सगळं गाव मान डोलवायचं: दूध घ्यावं तर गुंडाप्पाचं.

गुंडाप्पा दुधाचे कॅन घासायचा, उन्हात पालथे घालायचा आणि वाळले की पुन्हा घासायचा. म्हशीची कास कोमट पाण्यानं धुवायचा. मग स्वतःचे हात, मग हात लागला म्हणून नळ, मग नळ धुतला म्हणून परत हात. गावातल्या बायका नवऱ्यांना त्याचा दाखला द्यायच्या. ग्रामस्वच्छतेच्या कार्यक्रमात त्याला शाल आणि नारळ मिळाला. नारळ त्यानं घरी नेऊन साबणानं धुतला, हे अयोध्यानं, म्हणजे त्याच्या बायकोनंच, हापशावर सांगितलं आणि आम्ही पोट धरून हसलो. हापशावर तिला हसू आलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवायला कुणाला सवड होती! त्याच्या हातांना उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या भेगा पडल्या होत्या. पण दूध चांगलं होतं, तेव्हा हातांकडे कोण बघतो?

लेक वर्षाराणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगी झाली, आणि घरातलं झाकलेलं उघडं पडलं. गुंडाप्पा उंबऱ्यावर उभा राहून नातीकडे बघायचा. आत यायचा नाही. अयोध्या म्हणायची, घ्या की जरा मांडीवर. हा म्हणायचा, हात खराब हायेत. तालुक्यातले सगळ्यात स्वच्छ हात असलेला माणूस हे म्हणत होता.

लेकीनंच हट्टानं त्याला सोलापूरला मनाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, याला मंत्रचळ म्हणतात, ओसीडी. गोळ्या घ्यायच्या, आणि वस्तूला हात लावून न धुता बसायचा सराव करायचा. हळूहळू उतरेल, घाई नको. गावात सांगितलं की पोटाच्या गोळ्या आहेत. त्यांना सोलापूरला नेणाऱ्या जीपवाल्यानं संध्याकाळपर्यंत खरं काय ते सगळीकडे पोचवलं, तो भाग निराळा.

गोळ्या लागू पडत होत्या. गुंडाप्पा आता एखादं धुणं सोडून द्यायला लागला. तळमळायचा, घामानं भिजायचा, पण उठायचा नाही. बारसं तिसऱ्या महिन्यात करायचं ठरलं होतं; त्या दिवशी नात मांडीवर घ्यायची, एवढंच त्यानं मनाशी धरलं होतं. इकडे गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली की हल्ली दुधाला वास येतो. वास दुधाला नव्हता, बातमीला होता.

अशात कुमार आला. अयोध्याच्या भावाचा मुलगा. उमरग्याला हायवेवरच्या एका मेडिकल दुकानात काम करतो आणि मोबाइलवर बघून निम्मा डॉक्टर झालेला आहे. त्यानं आत्याला समजावलं की बाहेरच्या देशात या आजारावर पेप्टाइड देऊन बघायलेत. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच बारका तुकडा, आपलं शरीर स्वतः बनवतं. आई लेकराला पाजते तेव्हा अंगात सुटतं, त्यानं माया येते, भीती जाते. तेच नाकातून द्यायचं. पोरगा अगदीच खोटं बोलत नव्हता. पण ‘देऊन बघायलेत’ आणि ‘बरं व्हायलंय’ यांच्यामध्ये बरीच वर्षं आणि बरीच माणसं असतात. कुमारनं ती एका दमात ओलांडली.

बारसं तोंडावर आलं होतं. त्यानं नाव नसलेली बाटली आणून दिली. वर सल्ला दिला, गोळ्या बंद करा मामा, दोन औषधं डोक्यात भांडतील. गुंडाप्पानं गोळ्या फडताळात ठेवल्या आणि नाकात थेंब सोडले.

बारशाच्या दिवशी तो उंबरा ओलांडून आत आला आणि नात मांडीवर घेतली. पोरीनं त्याचं भेगाळलेलं बोट मुठीत धरलं. अयोध्यानं पदर तोंडाला लावला. एवढे दिवस अंगात मुरलेल्या गोळ्यांना श्रेय द्यायला तिथं कुणी नव्हतं. कुमार मात्र पंगतीत छाती काढून वाढत होता. शेजारच्या नागम्मानं विचारलं, बाबा, हे औषध मिळतं तरी कुठं? आणि तो बोलून गेला.

“तुमच्याच गोठ्यात की, मावशी. म्हशीला पान्हा सोडायला टोचतेत न्हाय का, तेच.”

पंगत हसली. कुणीतरी म्हणालं, गुंडाप्पाला पान्हा फुटला. मग तर हसण्याच्या नादात वरणाची बादलीसुद्धा जागेवर थांबली.

गुंडाप्पानं जन्मात ती सुई गोठ्यात येऊ दिली नव्हती. हे विष दुधात उतरतं आणि लेकरांच्या पोटात जातं, असं म्हणून त्यानं ती विकणाऱ्याला दारातून हाकललं होतं. त्यानं हळूच विचारलं, “कुमार, बाटली म्हशीचीच व्हय?”

“व्हय मामा. पर चीज एकच हाय, म्हशीची काय न् माणसाची काय.”

गुंडाप्पानं नात अयोध्याकडे दिली, हात लांब करून, जळतं लाकूड द्यावं तशी. मग न्हाणीत गेला. साबणाचं पाणी नाकात घालत राहिला, रक्त येईपर्यंत.

त्याला पुन्हा सोलापूरला नेलं, कुमारलाही सोबत घेतलं. डॉक्टर कुमारवर भडकले. हे नाकातून देऊन बघितलंय संशोधकांनी, म्हणाले, पण या आजाराला खात्रीनं उपयोग झाल्याचं दिसलेलं नाही. आणि तुम्ही दिलंत ते तर जनावराचं, चोरट्या बाजारातलं. गुंडाप्पानं एकच विचारलं.

“सायेब, हे आतनं धुता येतं का?”

ते थोड्याच वेळात विरून जातं, आता काहीही उरलेलं नाही, असं डॉक्टरांनी परत परत सांगितलं. त्यानं मान हलवली. घरी येऊन गोळ्यांचं पाकीट उकिरड्यावर टाकलं. गोळीत तरी काय घातलंय, कुणाला ठाव?

माझ्या हातून ते विष पोरीला लागलं, हे त्याच्या डोक्यातून जात नाही. पोरीला धू, परत धू, असा तो वर्षाराणीच्या मागे लागला, तेव्हा ती तान्हीला घेऊन लवकरच सासरी निघून गेली. तिथंही त्याचे फोन जात राहिले. पोरगी धुतली का? हल्ली ती बापाचा फोन उचलत नाही.

गुंडाप्पा आता दिवसभर नळाखाली असतो. कॅन पुन्हा आरशासारखे झालेत. माकणीचं पुन्हा एकमत झालंय, दुधाची जुनी चव परत आलीय. परवा हॉटेलात चहा पिताना एकजण समाधानानं म्हणाला, मधे जरा बिघडला होता गडी, पण सुधारला बरं का.

सगळ्यांनी माना डोलावल्या.