शोभेचं द्या, पण पाणी कमी लागणारं

यवतमाळात दारव्हा रोडला आमची छोटी नर्सरी आहे. मी आणि माझी धाकटी जाऊ वंदना मिळून चालवतो. उन्हाळ्यात निम्मी रोपं विकली जातात, निम्मी वाळतात; किस्से मात्र सगळे आमच्याकडेच राहतात! इथं नळ येईल तेव्हा येतो. त्यामुळे येणारा प्रत्येक जण एकच मागतो, "ताई, शोभेचं द्या, पण पाणी कमी लागणारं." दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघी तेच आठवून हसतो. हसू फार टिकत नाही, ते सोडा.

* * *

एक नवी सून आली. मी बोगनवेल दाखवली. "काटे असतात ना हिले? आमच्या सासूबाईले काटे चालत नाईत."

"मग कण्हेर न्या," वंदना म्हणाली. "काटे नाईत, पाणीही फार मागत नाई. फक्त विषारी असते, तोंडात घालाचं नाई."

पोरीनं कुंडी लगेच उचलली. "विषारी आहे ते सासूबाईले सांगाचं काम नाई!"

वंदनाचा जीव टांगणीला! आठवड्यानं सासूबाई स्वतःच हजर. "सुनेनं नेली तशीच आणखी एक द्या. अन् तिले सांगू नका."

* * *

एक भाऊ आमच्या रोपांकडे बघून नाक मुरडून गेले. "यापेक्षा प्लास्टिकची बरी, पाण्याची कटकटच नाई!"

महिन्याभरानं तोंड पाडून परत आले. "ताई, धूळ लय बसते हो. धुवाले बादलीभर पाणी लागते!"

* * *

मागच्या कॉलनीतल्या रिटायर्ड साहेबांना लॉनच हवं होतं. मी परोपरीनं सांगितलं, साहेब, सदाफुली लावा, चाफा लावा. ऐकलं नाही. लॉन लावलं, त्यासाठी टँकर बोलावला. टँकर बघून अख्खी गल्ली हंडे घेऊन फाटकात उभी! साहेबांनी हातातला पाइप बघितला, बायकांकडे बघितलं, आणि पाइप त्यांच्या हातात दिला.

नंतर लॉन कसं आहे विचारलं, तर म्हणाले, "लोक लाइन लावून उभे होते ना, त्यांच्या चपलांखालीच गेलं."

मी हळहळले. ते म्हणाले, "जाऊ द्या. पण इतके लोक माझ्या घरी याआधी आले नव्हते."

* * *

एका काकूंना मी स्नेक प्लांट दिलं होतं. पंधरा-पंधरा दिवस पाणी नाही दिलं तरी मरत नाही. काकूंनी ते मारून दाखवलं! मुळं पार सडलेली.

"काकू, रोज पाणी घातलं काय?"

"हाव. पोरगं पुण्याले असते. घरात दुसरं कोणी नाई. सकाळी उठलं की मी याच्याजवळच जात होती." मग म्हणाल्या, "ताई, ज्याले रोज माझं काम पडते, असं एखादं झाड द्या ना."

वंदनानं त्यांना तुळस दिली. पैसे घेतले नाहीत.

* * *

मुकुटबनकडचं एक जोडपं यायचं. बाईंचं डायलिसिस होतं, त्यासाठी यवतमाळात यावं लागे. डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी मोजून दिलेलं. परत जाताना त्या आमच्याकडे सावलीत टेकायच्या. वंदना पाणी विचारायची आणि जीभ चावायची.

एकदा भाऊ म्हणाले, "हिले अंगणात लावाले झाडं पायजेत. पाणी कमी लागणारी दाखवा."

मी कोरफड, अडेनियम असं सगळं मांडलं. बाई उठल्या, सगळ्यांवरून हात फिरवत पुढं गेल्या आणि मोगऱ्याशी थांबल्या.

"बाई, याले उन्हाळ्यात रोज पाणी लागते," मी म्हटलं.

भाऊही म्हणाले, "अवं, दुसरं घे ना. कायले एवढं पाणी पिणारं घेतं?"

बाई हसल्या. "घरात मोजून पिणारी मी एकटी पुरे. हे पिऊ द्या पोटभर!"

मोगरा घेऊन गेले. मग बरेच दिवस दोघंही दिसले नाहीत.

उन्हाळ्यात एका सकाळी भाऊ आले. एकटेच. वंदनानं खुर्ची दिली, बसले नाहीत. कुंड्यांकडे बघत उभे राहिले.

"ताई, मोगऱ्याले सकाळी पाणी देतेत की संध्याकाळी? ते सारं तीच पाहे. मी कधी विचारलंच नाई."